पुस्तकातला पक्षी आणि कळंब्याच्या काठावरचा पक्षी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोज सकाळी कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या बांधावर फिरायला जाता आणि हल्ली पक्षी बघायचा नाद लागलाय. भेट मिळालेलं एक पुस्तक घरात आहे, पण समोरचा पक्षी त्यात सापडत नाही. मे महिन्यात पाण्याच्या कडेला बगळ्यासारखा एक पक्षी दिसला. पाठ गर्द लालसर जांभळी, मान पिवळट, आणि उडाला तर पंख पांढरेशुभ्र. पुस्तक सगळं चाळून झालं, मिळाला नाही. मग शंका आली की पुस्तक कच्चं की आपली नजर? फोनवर फुकटचं अ‍ॅप असताना पुस्तकावर पैसे घालावेत का? आणि दुर्बीण कुठली घ्यावी, हेही जाता जाता विचारलंय.

आधी तो पक्षी. ती ढोकरी. तुम्ही तिला वर्षभर बघत असणार, फक्त त्या कपड्यांत बघितलेलं नसणार. एरवी ती मातकट असते, मानेवर तपकिरी रेघा, पाठ चिखलाच्या रंगाची. जलपर्णीवर मान खांद्यात घालून बसली की आहे का नाही ते कळत नाही. जवळ गेलं की घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज करते आणि उडते, आणि मातकट ढेकळातून एकदम पांढरे पंख बाहेर पडतात. पाऊस तोंडावर आला की विणीचा हंगाम सुरू होतो. पाठीवर जांभळट लाल झुलपं येतात, डोकं आणि मान पिवळट होते, डोक्यामागून दोन-चार लांब पांढरी पिसं लोंबतात. हे एका रात्रीत होत नाही. एप्रिल-मेमध्ये बघितलीत तर अर्धी पाठ जांभळी, मानेवर जुन्या रेघा अजून शिल्लक, असे पक्षीही दिसतील. असल्या अर्धवट पक्ष्याचं चित्र बहुतेक पुस्तकांत नसतं. चित्रकाराला पानावर जागा किती असते? एक साधं रूप, एक विणीचं, जमलं तर एक उडताना. तुमच्या पुस्तकात बहुधा फक्त मातकट ढोकरी बसलेली असेल.

तेव्हा तुमच्या नजरेत काही खोट नाही. पाठ, मान आणि पंख तिन्हीचे रंग तुम्ही वेगवेगळे सांगितलेत, म्हणून मला इथे बसून नाव सांगता आलं. पुष्कळ लोक नुसतं ‘एक मोठा रंगीत पक्षी होता’ एवढंच सांगतात.

पुस्तकातलं चित्र हे लग्नातल्या फोटोसारखं असतं. माणूस तोच, पण त्या फोटोवरून त्याला शिवाजी मार्केटात भाजी घेताना ओळखायचं म्हणजे अवघड. पिसं वर्षातून एकदा-दोनदा झडतात आणि नवी येतात, झडतीच्या दिवसांत चांगला ओळखीचा पक्षीसुद्धा फाटका दिसतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला उत्तरेकडून थापट्या बदकं येतात तेव्हा नरांनी अजून हिरवं डोकं आणि पांढरी छाती परत मिळवलेली नसते. नर-मादी सगळी सारखीच तपकिरी दिसतात. चोच मात्र फावड्यासारखी पसरट, ती काही लपत नाही. लालबुड्या बुलबुलाच्या पिल्लांचं बूड लाल नसून फिकट असतं. पांगारा आणि पळस फुलला की त्यात तोंड खुपसून मध पिणाऱ्या पक्ष्यांचं कपाळ परागांनी पिवळं-नारिंगी होतं. तसल्या वेळी ‘पिवळ्या कपाळाचा पक्षी’ पुस्तकात शोधत बसलात तर दिवस जाईल.

आता पुस्तकं. मी कुणी पक्षीशास्त्रज्ञ नाही. नोकरी सांभाळून, रविवारी आणि सकाळी कामावर जायच्या आधी पक्षी बघत आलो, पण पुस्तकं मात्र हावरटासारखी गोळा केली. त्यातून झालेलं मत सांगतो, ते सगळ्यांना पटेलच असं नाही.

सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ साली पहिल्यांदा आलं, आणि नंतर त्याच्या आवृत्त्या निघतच राहिल्या. नवशिक्याला मी अजून तेच आधी वाचायला सांगतो, आणि लोक तक्रार करतात की चित्रं जुन्या वळणाची आहेत. असू देत. त्यातला मजकूर वाचा. पक्ष्याचा आकार सांगायची त्यांची पद्धत बघा: चिमणीएवढा, बुलबुलापेक्षा मोठा, साळुंखीपेक्षा लहान, कावळ्याएवढा, घारीएवढा. दांडीवरच्या पक्ष्याची लांबी सेंटीमीटरमध्ये कुणाला कळते? पण तो शेजारच्या साळुंखीपेक्षा थोराड आहे का लहान, हे कुणीही सांगू शकतं. म्हणून माझा पहिला सल्ला असा की चिमणी, बुलबुल, साळुंखी, कावळा आणि घार हे पाच पक्षी डोळ्यांत पक्के बसेपर्यंत बघा. दुर्मीळ पक्ष्यांच्या मागे लागायच्या आधी हे करा. कंटाळवाणं वाटेल, पण पुढचं सगळं याच मापावर उभं आहे.

त्या पुस्तकात प्रत्येक पक्ष्याखाली तो कुठे आढळतो, कसा वागतो, घरटं कधी आणि कशाचं करतो, हे चार ओळींत दिलेलं असतं. चित्रापेक्षा या ओळी जास्त कामाच्या. पक्षी शेपूट सतत खालीवर हलवतो का, जमिनीवर चालतो की उड्या मारतो, एकटा असतो की थव्यात, हे चित्रात येऊच शकत नाही.

त्याच्या जोडीला दुसरं, जास्त चित्रांचं पुस्तक लागतंच. ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचं भारतीय उपखंडावरचं पुस्तक १९९८ साली आलं, मग त्याची खिशात मावेल अशी छोटी आवृत्ती निघाली. त्यात एकाच पानावर सारखे दिसणारे पक्षी शेजारी-शेजारी दिलेत, नर, मादी, पिल्लू, उडताना, असं. सारखे पक्षी वेगळे करायला हे चांगलं. त्यातला मजकूर मात्र इतका आटोपशीर की वाचायची मजा नाही. पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांचं २००५ साली आलेलं दोन खंडांचं पुस्तक आवाजाच्या आलेखांसकट आहे. ते घरी टेबलावर ठेवायचं, आणि तेही दोन-तीन वर्षांनी. आत्ता घेतलंत तर धडकी भरेल. मराठीत मारुती चितमपल्लींचा पक्षिकोश आहे. त्याच्या आधारावर पक्षी ओळखायला जाऊ नका, तो नावांचा खजिना म्हणून जवळ ठेवा. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबरचा आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबरचा, म्हणून महाराष्ट्रात तो आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्या दिवसांत पक्षी दाखवायला नेणाऱ्या फेऱ्या निघतात, त्यात जाऊन या. जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून एक सकाळ काढली तर कुठल्याही पुस्तकातून मिळणार नाही असं काहीतरी हाती लागतं.

पण कोल्हापूरकराला सगळ्याच पुस्तकांत एक अडचण येते, ती नकाशांची. प्रत्येक पक्ष्याशेजारी काडेपेटीएवढा भारताचा नकाशा असतो आणि त्यात रंगाचा पट्टा. पश्चिम घाटाचा पट्टा आपल्या जिल्ह्यात कुठे संपतो हे त्यात दिसणं शक्य नाही. खरी परिस्थिती काय? गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि शिरोळकडे पाचशेच्या आसपास. मोटारसायकलवर दोन-अडीच तासांचा रस्ता, आणि तेवढ्यात पक्ष्यांचं अख्खं खानदान बदलतं. दाजीपूरच्या जंगलात मलबारी राखी धनेश खिदळतो, पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळकरी कस्तुर माणसासारखी शीळ घालतो. हे पक्षी घाट सोडून फारसे खाली येत नाहीत. आणि पूर्वेला हातकणंगल्याकडच्या उघड्या माळावर डोंबारी पक्षी सरळ वर जाऊन पंख मिटून खाली कोसळतो, जमिनीला टेकायच्या आत परत वर उचलतो, आणि हे मादीला दाखवायला दिवसभर चालू. तो घाटातल्या जंगलात सापडायचा नाही.

तुरेवाला चंडोल घ्या. १८३२ साली कर्नल साइक्सने दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. त्याच्या नावाचा चंडोल आपल्या कोरड्या माळांवर असतो. मलबारी चंडोल घाटमाथ्याच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर असतो. दोघांनाही तुरा, दोघेही मातीच्या रंगाचे. मलबारी जरा मोठा, छातीवर ठळक रेघा, पोट पांढरट. साइक्सचा लहान, अंगाने जास्त तांबूस आणि छातीवर रेघा थोड्याच. पन्हाळ्यापलीकडे मसाई पठारावर तुरेवाला चंडोल दिसला की नकाशा बघून काही ठरत नाही, छातीच बघावी लागते. बाकी ठिकाणच्या माणसाला बहुधा एकच पर्याय असतो, आपल्याला दोन.

कुटुर्ग्यांचंही तसंच. ‘कुटरू कुटरू’ असा आवाज झाडाच्या शेंड्यातून येतो. तपकिरी डोक्याचा कुटुर्गा कोरड्या भागातल्या वड-पिंपळांवर असतो. पांढऱ्या गालाचा कुटुर्गा घाटाचा. आंबा घाटाकडच्या रस्त्यावर दोघांचे आवाज एकाच सकाळी ऐकू येऊ शकतात. पुस्तकांत दोघांचाही आवाज साधारण त्याच अक्षरांत लिहिलेला. तिथे झाडाखाली मान वाकडी करून गाल दिसेपर्यंत उभं राहायचं, दुसरा इलाज नाही.

यावर उपाय म्हणून मी पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहितो. ‘फक्त घाट.’ ‘रंकाळा, ऑक्टोबर ते मार्च.’ ‘उसात, बारमाही.’ काही लोकांना पुस्तकात लिहिणं म्हणजे पाप वाटतं. माझ्या पुस्तकात ज्या पानावर काही लिहिलेलं नाही ते पान माझ्या काही उपयोगाचं झालेलं नाही, असं मी समजतो. पाच-सात वर्षांत दिल्लीत किंवा लंडनमध्ये छापलेलं पुस्तक तुमच्या तालुक्याचं होतं.

आता मूळ मुद्दा, की पुस्तक वापरायचं कसं. पक्षी समोर असताना पुस्तक उघडू नका. तुम्ही पान शोधाल तोवर तो गेलेला असतो, आणि मग चित्रं बघता-बघता आठवण चित्राप्रमाणे बदलायला लागते. पक्षी उडून जाईपर्यंत फक्त बघा. मग पुस्तकाच्या आधी वही उघडा. आकार, चोच, पाय, शेपटीची हालचाल, कुठे होता, काय करत होता, हे लिहा. पुस्तक घरी, चहा पिताना.

आणि पुस्तकाकडून लगेच उत्तर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. पुढच्या वेळी कुठे नजर टाकायची ते पुस्तक सांगतं. धोब्याचं उदाहरण देतो. रंकाळ्याच्या दगडी काठावर काळा-पांढरा, शेपूट हलवत चालणारा पक्षी दिसला. घरी येऊन पुस्तक बघितलं तर दोन आहेत. एक पांढऱ्या भुवईचा धोबी, आपल्याकडे बारा महिने राहणारा. दुसरा पांढरा धोबी, थंडीत येऊन उन्हाळ्याला परत जाणारा. फरक काय? पहिल्याचं कपाळ काळं आणि त्यात डोळ्यावरून जाणारी लांब पांढरी भुवई. दुसऱ्याचं कपाळ आणि चेहराच पांढरा. तुम्ही हे बघितलेलं नसतं, कारण बघायचं असतं हे माहीत नव्हतं. आज नाव लागलं नाही तर नाही लागलं. उद्या सकाळी त्याच दगडावर तुम्ही थेट कपाळाकडे बघाल. पक्षी बघणं म्हणजे हे असं आठवड्यातून एकेक प्रश्न घेऊन परत जाणं आहे. ज्यांना पहिल्याच दिवशी नाव हवं असतं ते सहा महिन्यांत दुर्बीण माळ्यावर टाकतात.

काही पक्षी सोडून द्यायलाही शिका. हिवाळ्यात चिंचेच्या आणि आंब्याच्या झाडात हिरवट, अंगठ्याएवढे पर्णवटवटे फिरत असतात. पानांआड, क्षणभर थांबत नाहीत, आणि सगळे एकसारखे. त्यांची नावं आवाजावरून लागतात, चित्रावरून क्वचितच. पहिली दोन वर्षं वहीत ‘वटवट्या, कुठला तरी’ लिहा आणि पुढे चला.

इथे अ‍ॅपचा विषय येतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचं मर्लिन हे अ‍ॅप चांगलं आहे, फुकट आहे, आणि आपल्या भागाचा संच आधी उतरवून घेतला तर जंगलात रेंज नसतानाही चालतं. पर्णवटवट्यांचे आवाज वेगळे करायला त्याच्यासारखी मदत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण आवाजावरून नाव सांगताना ते नुसतं ऐकतं, बघत नाही. राधानगरीच्या जंगलात भृंगराज असतो, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांच्या चकत्या असलेला. तो पक्का नकलाकार. शिक्र्याचा, इतर पक्ष्यांचा आवाज हुबेहूब काढतो. फोन हातात धरून उभे असाल तर पडद्यावर एका मिनिटात पाच-सहा नावं उमटतील आणि झाडावर असेल एकटा भृंगराज. ती सगळी नावं यादीत टाकणारे लोक आहेत. ती यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जाते, आणि पुढे त्या जागेच्या माहितीत घोळ होतो. ऐकलं ते बघून खात्री केली तरच नोंद करा.

दुसरं एक. अ‍ॅपमधला आवाज पक्ष्याला बोलावायला वाजवू नका. पावसाच्या तोंडावर नवरंग येतो तेव्हा हा उद्योग फार चालतो. त्या दिवसांत त्याला स्वतःची हद्द राखायची असते, फोनमधल्या खोट्या नवरंगाशी भांडत तो खाणं-पिणं सोडून फिरतो. सकाळ-संध्याकाळ तो स्वतःहून दोन सुरांची शीळ घालतोच. थांबा, दिसेल.

जुनी पुस्तकं मिळाली तर सोडू नका. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या जुन्या वाचनालयाच्या कपाटात एखादी जुनी आवृत्ती सापडते का बघा. पक्षी ओळखायला ती कमी पडेल, नावं बदललेली असतील. तिचा उपयोग वेगळा आहे. कुठला पक्षी तेव्हा सर्रास दिसायचा, ते त्यात छापलेलं असतं. पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड जुन्या पुस्तकांत अगदी नेहमीचा पक्षी म्हणून येतं, गावाबाहेर ढोर टाकलं की पन्नास-शंभर उतरायची. १९९०च्या दशकात ती अशी काही संपली की भारतात शंभरातलं एकही धड उरलं नाही. कारण २००४ साली सिद्ध झालं. जनावरांना वेदना कमी करायला देत असलेलं डायक्लोफिनॅक, मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी करत होतं. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आपला जिल्हा गाई-म्हशींचा, घरटी गोठा असलेला. साठी उलटलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, गिधाडं कुठे उतरायची ती जागा तो बोटाने दाखवेल. आज त्या जागी कुत्री असतात.

उलट मोर वाढला. देशभरातल्या नोंदींवरून तयार केलेल्या अहवालांतही तेच आलंय. उसाची दाट लपण आणि बारमाही पाणी, मोराला आणखी काय पाहिजे? विद्यापीठाच्या आवारात आणि आसपासच्या शिवारात तो ओरडतो तेव्हा फिरायला आलेल्यांना गंमत वाटते. भुईमूग पेरलेल्या माणसाला ती वाटत नाही, आणि त्याचंही खोटं नाही. जुनी पुस्तकं आणि वाडवडिलांच्या आठवणी शेजारी ठेवून वाचल्या की हे सगळं दिसतं. नुसत्या नव्या पुस्तकात फक्त आजचा हिशोब असतो.

आणि एक पक्षी असा आहे की त्याच्यासाठी मी तुम्हाला पुस्तक सोडून अख्खा पावसाळा मागेन. सुगरण. सलीम अली १९३० साली अलिबागजवळ किहीमला राहात होते. हातात नोकरी नव्हती. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती, तिच्यासमोर बसून त्यांनी ती महिनोन्‌महिने बघितली आणि पुढच्या वर्षी त्यावर निबंध छापला. नर काय करतो, मादी कधी येते, घर कोण बांधतं, हे तोवर लोक ऐकीव सांगत होते. ते त्यांनी नुसतं बघून मांडलं. तुमच्या-माझ्यासारख्यांना त्यातून धीर येतो, कारण त्यासाठी ना दुर्मीळ पक्षी लागला, ना परदेशी उपकरणं.

कोल्हापुरात सुगरण बघायला जंगलात जायची गरज नाही. मळ्यातली विहीर, तिच्यावर झुकलेली बाभळ किंवा शिंदी, आणि बांधाला लागून ऊस, एवढं असलं की पुरे. जूनमध्ये नराचं डोकं आणि छाती पिवळीधमक होते. आता उसाच्या पानाकडे नीट बघा. नर पानाच्या कडेवर उतरतो, देठाकडे चोचीने एक खाच पाडतो, खाचेतला धागा चोचीत पक्का धरतो आणि तसाच उडतो. पान चरकन फाटतं आणि वीत-दोन वीत लांब हिरवा दोरा त्याच्या चोचीतून मागे लोंबत जातो. त्या बांधावरच्या उसाची पानं जवळून बघितलीत तर कडेला सरळ चिरलेल्या पट्ट्या दिसतील. मळेवाले कीड आहे म्हणून शंका घेतात, आणि खरं कारण सांगितलं की हसतात.

घरटं आधी उलट्या टोपीसारखं अर्धंच बांधतो. मग त्याला लटकून पंख फडफडवत सगळे नर एका सुरात ओरडतात. मादी येते, आत शिरते, चोचीने विण ओढून बघते. पसंत पडलं नाही तर निघून जाते, आणि ते अर्धं घरटं तसंच वाळत राहतं. पसंत पडलं तर नर अंड्यांची खोली आणि खाली लोंबणारी नळी पुरी करतो. अंडी उबवायचं काम मादीवर, आणि हा बहाद्दर शेजारच्या फांदीवर दुसऱ्या घराला सुरुवात करतो. घरट्याच्या आत ओल्या मातीचे लपके चिकटवलेले असतात. वाऱ्यात घरटं फार हलू नये म्हणून, असं काही जण म्हणतात. काजवे चिकटवायला, ही गोष्ट आपल्या आजीची. वाळून पडलेलं एखादं घरटं उचलून हातात घ्या आणि माती बोटाला लागते का बघा. झाडावरचं मात्र काढू नका, रिकामं वाटलं तरी.

हे सगळं पुस्तकात आहे, म्हणून बघायची गरज नाही असं वाटेल. उलट आहे. विहिरीवर तासभर बसलात की पुस्तकात नसलेले प्रश्न पडतात. वाऱ्याच्या बाजूची घरटी रिकामी का? कोतवालाच्या घरट्याजवळच वसाहत का? एकाच मादीने दोन-दोन घरटी तपासली तेव्हा पहिल्यात काय खोट होती? मग घरी येऊन पुस्तकातलं तेच पान परत वाचाल आणि ते वेगळं वाटेल.

दुर्बिणीचं लवकर सांगतो. ८ × ४० किंवा ८ × ४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहा पटीची घेतलीत तर हात हलल्यावर पक्षीही दहा पट हलतो, आणि दिसणारा तुकडा लहान होतो, हलता पक्षी पकडता येत नाही. पट कमी-जास्त करायची सोय असलेल्या दुर्बिणींच्या वाटेला जाऊ नका. चष्मा असेल तर डोळ्याकडची कडी फिरवून आत जाते का ते दुकानातच बघा. कॅमेरा आत्ता नको. फोटो मिळाला की बघायचं थांबतं, हे मी आजूबाजूला रोज बघतो.

जागेचं म्हणाल तर तुमचा कळंबा उत्तम आहे, पाणी ओसरलं की चिखलाच्या कडेला शेकाटे, तुतवार मिळतील. रंकाळ्यावर संध्याकाळी चौपाटीवरून बघू नका. तुम्ही पश्चिमेला तोंड करून उभे असता, सूर्य पाण्यावर उतरलेला असतो, आणि वारकऱ्यापासून पाणकावळ्यापर्यंत सगळे एकजात काळे दिसतात. सकाळी सात-साडेसातला त्याच काठावर टॉवरच्या बाजूला उभे राहा, ऊन पाठीवर घ्या. हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचं पिवळं टोक आणि कपाळाचा लाल ठिपका साध्या डोळ्यांनी दिसतो. शनिवार-रविवार टाळा, त्या वेळी काठावर माणसं जास्त आणि पक्षी मध्यभागी. आणि पुस्तकाला जाड प्लास्टिकचं कव्हर घाला, जूननंतर आपल्याकडे काहीही कोरडं राहत नाही.